जरब कोणाची?

ऑगस्ट २०१२ मध्ये उत्तेजकं घेतल्याबद्दल सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगवर तहहयात बंदी आली. १९९९ ते २००५ या काळात त्याने टूर द फ्रान्स सात वेळा जिंकली होती, ती सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. तेव्हा बहुतेकांसारखं मलाही वाटलं होतं की आता सायकलिंगमध्ये जरब बसेल. एवढ्या मोठ्या माणसाला एवढी मोठी शिक्षा झाली म्हटल्यावर पुढचा माणूस सुई टोचून घेण्याआधी दहादा विचार करेल. आज मी त्या मतावर नाही. बंदी हवीच. पण बंदीची मुदत वाढवली की फसवणूक घटते, ही समजूत या खेळाच्या शंभर वर्षांच्या इतिहासापुढे टिकत नाही.

मुळात उत्तेजकं घेणं ही फसवणूक आहे, हा विचारच फार उशिरा आला. १९२४ च्या टूरमध्ये आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए, त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि मॉरिस व्हिल या तिघांनी कूताँस गावात शर्यत सोडली. पत्रकार आल्बेर लोन्द्र त्यांना तिथल्या कॅफेत गाठून बोलला. पेलिसिएने आपल्या जवळची औषधं त्याच्यापुढे काढून ठेवली. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि वर गोळ्या. लाजल्याचं चिन्ह नाही. त्या वर्षीची टूर १५ टप्प्यांत पाच हजार चारशे किलोमीटरांहून अधिक होती, म्हणजे एका टप्प्याला सरासरी साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक. लोन्द्रने या माणसांना सक्तमजुरीच्या कैद्यांच्या पंगतीला बसवलं. वाचकाच्या मनात कीव आली, संताप नाही. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याने अंगदुखीवर काहीतरी घ्यावं, तशी ही औषधं होती.

पुढे काळजी सुरू झाली ती जिवाची. १९६५ मध्ये फ्रान्सने उत्तेजकांविरुद्ध कायदा केला. पुढच्या वर्षी टूरमध्ये पहिल्यांदा तपासणी झाली, तेव्हा स्पर्धक निषेध म्हणून सायकलवरून उतरून चालू लागले. १३ जुलै १९६७ ला माँ व्हाँतूच्या उघड्याबोडक्या चढावर, रणरणत्या उन्हात टॉम सिम्पसन कोसळला आणि मेला. त्याच्या जर्सीच्या खिशात अँफेटामाइनच्या नळ्या सापडल्या. अँफेटामाइन ताकद देत नाही, ते थकव्याची हाक ऐकू येऊ देत नाही. शरीर थांब म्हणत असतं आणि पाय फिरत राहतात.

एवढं होऊनही शिक्षा किरकोळच राहिल्या. १९७८ मध्ये मिशेल पोलेंतिए आल्प द्युएझचा टप्पा जिंकून तपासणीला आला, तो दुसऱ्याची लघवी भरलेला रबरी फुगा आणि नळी अंगावर लपवून. त्याला टूरमधून घालवलं आणि दोन महिन्यांची बंदी दिली. त्यामुळे नंतरच्या पिढीला वाटलं की शिक्षा हलकी होती म्हणून हे चाललं. इथेच विचाराची गाडी चुकीच्या रुळावर गेली असं मला वाटतं.

कारण १९९० च्या दशकात ईपीओ आलं. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी बनवलेलं हे औषध रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं. स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो आणि डोंगर सपाट वाटू लागतो. ते पकडणारी चाचणीच तेव्हा नव्हती. मग १९९७ मध्ये जागतिक सायकलिंग संघटनेने रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर ५० टक्क्यांची मर्यादा घातली. ओलांडली तर पंधरा दिवस घरी. हेतू चांगला होता, पण मर्यादा आखली की तिच्यापर्यंत जायची मुभाही मिळते. १९९८ च्या जागतिक स्पर्धेतला एक प्रसंग पुढे आर्मस्ट्राँगच्या सहकाऱ्याने शपथेवर सांगितला. रक्त तपासायला अधिकारी दारात आले होते. संघाचा डॉक्टर रेनकोटाखाली सलाइनची लिटरभर पिशवी दडवून त्यांच्या डोळ्यांदेखत आत गेला आणि रक्त पातळ करून आर्मस्ट्राँगला तपासणीला बसवलं. आयुष्यभराची बंदी तेव्हा नियमात असती, तरी त्या सकाळी एवढंच झालं असतं की डॉक्टरने पिशवी आणखी जपून नेली असती.

इटलीच्या चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्येच सांगून ठेवलं होतं की गुन्हेगाराला रोखते ती शिक्षेची खात्री आणि तत्परता. शिक्षेची क्रूरता नव्हे. वाचताना मला हे पटायचं, पण त्याचा पुरा अर्थ कळला तो टूरमधल्या दोन प्रसंगांनी.

पहिला १९९९ चा. क्रिस्तोफ बासाँ हा आधी फेस्टिना संघात होता. आदल्या वर्षी याच संघाची औषधांनी भरलेली गाडी सीमेवर सापडली होती (ती पकडली जकात अधिकाऱ्यांनी, प्रयोगशाळेने नव्हे). संघात राहूनही बासाँने औषध घ्यायला नकार दिला होता, आणि आता तो वर्तमानपत्रातून लिहीत होता की हे वेग अजूनही संशयास्पद आहेत. घोळक्यात त्याच्याशी बोलणं बंद झालं. आल्प द्युएझच्या टप्प्यावर आर्मस्ट्राँगने त्याच्या शेजारी येऊन तू घरी गेलास तर बरं, असं सांगितलं. दोन दिवसांत बासाँ शर्यत सोडून गेला.

दुसरा २३ जुलै २००४ चा. फिलिप्पो सिमेओनीने आर्मस्ट्राँगच्याच डॉक्टरविरुद्ध इटलीच्या न्यायालयात साक्ष दिली होती. त्या दिवशी पुढे निसटलेल्या गटाला गाठायला तो निघाला. एकूण क्रमवारीत त्याच्यापासून कोणालाच धोका नव्हता. तरीही पिवळ्या जर्सीतला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे गेला. आर्मस्ट्राँग सोबत असेपर्यंत मुख्य घोळका या गटाला सुटू देणार नव्हता, म्हणून पुढच्यांनी सिमेओनीला मागे फिरण्याची विनवणी केली. तो मागे आला. घोळक्यातून त्याला शिव्या ऐकाव्या लागल्या. आर्मस्ट्राँगने कॅमेऱ्याकडे पाहून ओठांवरून बोट फिरवलं, चेन लावल्यासारखं.

बेक्कारियाच्या दोन्ही अटी इथे पूर्ण होतात. शिक्षा नक्की होती आणि ताबडतोब होती. फक्त ती खरं बोलणाऱ्याला होती. बासाँला बाहेर काढायला दोन दिवस लागले, आर्मस्ट्राँगला बाहेर काढायला १३ वर्षं. असा हिशेब समोर असताना विशीतल्या पोराने कोणाला भ्यावं? कायद्याचा वचक कागदावर होता, घोळक्याचा वचक रोज शेजारी सायकल चालवत होता.

म्हणून २००८ ला सुरू झालेला जैविक पासपोर्ट मला कुठल्याही लांब बंदीपेक्षा मोठा वाटतो. त्यात औषध शोधत नाहीत. एकाच माणसाच्या रक्ताची वर्षानुवर्षं नोंद ठेवतात आणि त्याच्या स्वतःच्या मापाशी त्याला ताडून पाहतात. अजून पळवाटा आहेत, थोड्या थोड्या मात्रेत घेणारे आहेत. पण पकडले जाण्याची शक्यता वाढली, आणि फरक पडतो तो तिथे.

आर्मस्ट्राँग पडला तोही कुठल्या लघवीच्या नमुन्याने नाही. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेपुढे २६ जणांनी साक्ष दिली, त्यात त्याचे ११ माजी सहकारी होते. त्यांच्यातल्या ज्यांनी अजून सायकल सोडली नव्हती, त्यांना कबुलीच्या बदल्यात सहा महिन्यांची बंदी मिळाली. पुष्कळांना ती फार सौम्य वाटली. मला वाटतं, त्या सहा महिन्यांनी जे साधलं ते आधीच्या कोणत्याही कठोर शिक्षेने साधलं नव्हतं. घोळक्याचं मौन फुटलं.

याच्या विरुद्धचा मुद्दा मी टाळत नाही. दुसऱ्याचं रक्त घेतल्याबद्दल दोन वर्षांची बंदी भोगून आलेल्या अलेक्झांडर विनोकुरोव्हने २०१२ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. चौथ्या क्रमांकावर राहिलेल्या प्रामाणिक खेळाडूने ते बघायचं कसं? त्याची चीड खरी आहे. २०१५ पासून जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याला चार वर्षं झाली, तेही योग्यच. सायकलपटूच्या उमेदीच्या दहा वर्षांतली चार थोडी नव्हेत. पण ही त्या चौथ्या माणसाची भरपाई झाली. पुढच्याला बसणारी जरब नव्हे. डेव्हिड मिलरला २००४ मध्ये पोलिसांनी पकडलं, त्याने कबुली दिली, दोन वर्षं बाहेर राहिला आणि परतल्यावर उत्तेजकांविरुद्ध उघडपणे बोलत राहिला. त्याला जन्मभरासाठी घालवलं असतं, तर घोळक्याच्या आतून बोलणारा एक आवाज कमी झाला असता.

बासाँ २००१ मध्ये व्यावसायिक सायकलिंगमधून बाहेर पडला. त्यानंतर तो फ्रान्सच्या क्रीडा खात्यात उत्तेजकविरोधी कामाला लागला. त्याच्या नावावर टूरचं एकही विजेतेपद नाही. आणि १९९९ ते २००५ या सात वर्षांच्या विजेत्यांच्या रकान्यात आता कोणाचंच नाव नाही.