अंतर राखणे हीही प्रीति होय

(शास्त्रपाठ : उत्पत्ति ३२:१३–२० व ३३:१२–१४)



याकोब वीस वर्षांनंतर आपल्या भावास भेटावयास निघाला, तेव्हाची हकीकत आपणांस ठाऊक आहे. एसाव चारशे माणसे घेऊन समोरून येत आहे हे ऐकून त्याचे मन भयाने व्याकूळ झाले होते. अशा वेळीही भेटीदाखल पाठवावयाचे कळप चाकरांच्या स्वाधीन करिताना त्याने एक लहानशी आज्ञा केली. एकामागून एक कळप जावे, परंतु प्रत्येक दोहोंच्या मध्ये मोकळी जागा असावी. भावाचा राग टप्प्याटप्प्याने निवावा हा त्याचा हेतु होता. पुढे भेट झाली आणि एसाव त्यास बरोबर घेऊन चालू लागला, तेव्हा याकोबाने नम्रपणे त्यास पुढे जावयास सांगितले. आपल्याबरोबर कोवळी मुले व पाजणारी जनावरे आहेत, एक दिवस जरी त्यांस दामटले तरी ती दगावतील, यास्तव त्यांच्या चालीने आपण मागून येऊ, असे त्याने कळविले.

मोकळी जागा ठेवणे आणि दुसऱ्यास पुढे जाऊ देणे, ह्या दोन गोष्टी आज आपल्या महामार्गांवर दुर्मिळ झाल्या आहेत. म्हणून हा पाठ आज गाडी हाकणाऱ्यांपुढे व तीत बसणाऱ्यांपुढे ठेवीत आहे.

१९४८ साली जून महिन्याच्या १ तारखेस पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान एस.टी.ची पहिली गाडी धावली. आज अशा रस्त्यावर एकाच वेळी एस.टी., मालाचे ट्रक, मोटारी, दुचाक्या, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि कडेने पायी चालणारे लोक असतात. त्यांत कोणी पुढच्या गाडीच्या पाठीस चिकटून सारखा हॉर्न वाजवितो, डिपर मारितो. आणि जरा फट दिसताच, समोरून कोण येत आहे हे न पाहता, गाडी बाहेर काढून पुढे घुसतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यु पावली. म्हणजे दर दिवशी साडेचारशेहून अधिक. त्या वर्षीच्या अपघातांत मागून धडक बसण्याचा प्रकार सर्वांत मोठा होता. दर पाचांत सुमारे एक. ह्या आकड्यांमागे किती घरांतील चुली थंडावल्या, ते देव जाणतो.

पहिली गोष्ट अशी की, पुढच्या गाडीमागे सोडलेली जागा रिकामी नसते. तीत शेजाऱ्याचा प्राण असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. डोळ्याने संकट पाहून पायाने ब्रेक दाबीपर्यंत चांगल्या, सावध माणसासही एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी २० ते ३० मीटर निघून गेलेली असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही ती थांबावयास आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. रस्ता ओला असला अथवा गाडीत ओझे असले तर त्याहून अधिक. वेग दुप्पट केला की हे ब्रेकचे अंतर चौपट होते. मग जो पाच-सहा मीटरांवर चिकटून चालतो, त्याच्या हाती पाव सेकंद असतो. पाव सेकंदात डोळ्याचे पातेही पुरते लवत नाही. पुढच्यापुढे गाय आडवी आली, मूल धावत आले, तर ह्या मनुष्याचे कसब काय कामाचे?

याकरिता जाणत्यांनी एक सोपी रीति सांगितली आहे, ती आपल्या तरुणांस शिकवा. पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून अथवा मैलाच्या दगडाजवळून गेली की, ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे सावकाश म्हणावे. ते म्हणून होण्यापूर्वी आपली गाडी त्या खुणेपाशी पोहोचली, तर आपण फार जवळ आहो असे समजावे. पाऊस, धुके, रात्र अथवा भरलेली गाडी असल्यास गणना तीन-चारपर्यंत न्यावी. उसाच्या हंगामात तर रात्री विशेष जपावे; कारण पुष्कळ ट्रॉल्यांच्या मागे दिवा नसतो. आणि ज्या बंधूंचे ट्रॅक्टर आहेत त्यांनीही आपल्या ट्रॉलीमागे लाल दिवा व चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्या. तीही शेजाऱ्याची सेवाच होय.

दुसरी गोष्ट, पुढे जाण्याच्या घाईचा हिशेब करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेल्या ट्रकास ७० च्या वेगाने मागे टाकावयाचे तर सुमारे आठ सेकंद लागतात. तेवढ्यात आपण दीडशे मीटर जातो, आणि समोरून तशाच वेगाने येणाराही दीडशे मीटर येतो. म्हणजे तीनशे मीटरांहून अधिक मोकळा रस्ता डोळ्यांस स्पष्ट दिसला पाहिजे. वळणावर, चढावर, अरुंद पुलावर तो कसा दिसणार? जेथे पुढील रस्ता दिसत नाही तेथे पुढे घुसणारा मनुष्य विश्वासाने चालत नाही. तो देवाची परीक्षा पाहतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह प्रभूने नाकारिला, हे आपण विसरू नये.

आणि ह्या सर्वांतून मिळते काय? तीस किलोमीटरांची वाट ६० ऐवजी ८० च्या वेगाने कापिली, तर साडेसात मिनिटे वाचतात. तीही वाटेत गाव, फाटा अथवा टोलनाका नसेल तर. साडेसात मिनिटे लवकर निघणे हे ह्याहून पुष्कळ स्वस्त आहे.

कोणी म्हणेल, “मी अंतर ठेविले तर दुसरा कोणी मध्ये घुसतो.” घुसू द्या. पुन्हा थोडे मागे राहून अंतर करा. असा एक मनुष्य तुमचे दोन सेकंद घेतो. वीस जण घुसले तरी चाळीस सेकंद. याकोबाने एसावास पुढे जाऊ दिले, त्याने त्याचे काय उणे झाले? आणि कोणी आपणांस मागे टाकू लागला तर ईर्ष्येने वेग वाढवू नये. सरकारी नियमही हेच सांगतो. त्या वेळी दोन गाड्यांचा अहंकार शेजारी-शेजारी धावतो, आणि समोरून येणारा निरपराध मनुष्य प्राणास मुकतो.

तिसरी गोष्ट सवयीविषयी. “आजवर असाच चालवीत आलो, काही झाले नाही,” असे पुष्कळ म्हणतात. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम आहे. बैलाने अकस्मात कोणास मारिले तर धन्यास निर्दोष धरावे; परंतु बैलास मारावयाची खोड आहे हे धन्यास कळविले असता त्याने त्यास बांधून ठेविले नाही, तर दोष धन्याच्या माथी येतो. बंधूंनो, ज्याची गाडी पुढच्यावर आदळता आदळता कितीदा वाचली, त्यास आपल्या बैलाची खोड कळविली गेली आहे. प्रत्येक थोडक्यात टळलेले संकट ही देवाची सूचना होय. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमातही नियम मोडून दुसऱ्यास मागे टाकणे हे धोकादायक हाकणे गणिले असून त्यास कैद व दंड सांगितला आहे. तथापि पोलीस पाहतो म्हणून नव्हे, तर देव पाहतो व शेजारी मरतो म्हणून आपण बैल बांधावा.

इज्रेलच्या बुरुजावरील पहारेकऱ्याने येहूस तोंड न पाहता दुरूनच ओळखिले, ते केवळ त्याच्या बेफाम रथ हाकण्यावरून. आपल्या पुष्कळ गाड्यांच्या काचेवर क्रूसाचे चिन्ह अथवा प्रभूचे नाव रंगविलेले असते. ज्याच्या पाठीस आपण हॉर्न वाजवीत लागतो, तो आपल्या आरशात ते नाव उलटे वाचतो. आपली साक्षही त्यास उलटीच पोहोचते.

गाडीत बसणाऱ्यांनीही आपला वाटा ओळखावा. लग्नास, सभेस, मातीस जाताना “जरा दामट, उशीर होतो” असे आपणच हाकणाऱ्यास म्हणतो. आणि मालक तर उशिराचे पैसे कापतो. उपदेशक बंधूंनो, मंडळी बाहेरगावी निघेल तेव्हा प्रार्थनेबरोबर एवढेही करा : अर्धा तास आधी निघा, हाकणाऱ्याची झोप झाली आहे की नाही हे विचारा, आणि त्यास सर्वांसमक्ष सांगा की, उशीर झाला तरी कोणी त्यास बोल लावणार नाही.

आपल्या भाषेत ‘अंतर देणे’ म्हणजे सोडून देणे. परंतु रस्त्यावर जो अंतर देतो तोच शेजाऱ्यास अंतर देत नाही. कोणाच्या पाठीस लागणे वेगळे, आणि पाठीशी असणे वेगळे. यरीहोच्या वाटेवर त्या शोमरोनी मनुष्याने जखम झाल्यावर दया केली; अंतर राखणारा जखम होण्यापूर्वीच दया करितो. त्याचे कोणी आभार मानीत नाही, कारण काही घडतच नाही. परंतु पुढच्या गाडीतील बाप संध्याकाळी आपल्या लेकरांत जाऊन बसतो, हेच त्याचे प्रतिफळ.

हे प्रभो, आमच्या हातांस संयम व आमच्या मनांस धीर दे, आणि आमच्या वाटेवरील प्रत्येकास सुखरूप घरी ने. आमेन.