‘हाच तो’ नाद: व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमधील फेरफार आणि प्रत्यभिज्ञेचा प्रश्न

गिटारच्या हाय-गेन ॲम्प्लिफायरमध्ये तारेचा क्षीण विद्युत्संकेत एकामागून एक अशा अनेक व्हॉल्व्हच्या टप्प्यांतून मुद्दाम इतका वाढवला जातो की तो व्हॉल्व्हच्या मर्यादेवर आदळून विरूप होतो, आणि अशा यंत्रात आपल्या पसंतीनुसार फेरफार करीत राहिलेला वादक कधीतरी थांबून ‘हाच तो आवाज’ असे म्हणतो. हा उद्गार वरवर साधा असला तरी विचार करणाऱ्याला तो अडवून धरतो, कारण जो आवाज त्या क्षणापर्यंत त्या यंत्रातून कधी निघालाच नव्हता त्याला ‘तो’ म्हणण्याचा आधार कोणता, हे त्यातून कळत नाही. पूर्वी अनुभवलेली वस्तू पुन्हा समोर आल्यावर ‘तीच ही’ असे जे ज्ञान होते त्याला भारतीय दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि नादाच्या बाबतीत या ज्ञानाचा आधार कितपत भक्कम आहे याची झडती मीमांसक आणि नैयायिक यांनी फार कसून घेतली आहे.

मीमांसकांचे म्हणणे असे की गकार कोणीही, केव्हाही उच्चारला तरी ऐकणाऱ्याला ‘हा तोच गकार’ अशी ओळख पटते, म्हणून वर्ण नित्य आहे आणि कंठातून निघणारा ध्वनी त्याला निर्माण करीत नसून केवळ व्यक्त करतो. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते प्रत्येक उच्चारात शब्द नव्याने उत्पन्न होतो आणि नष्ट होतो, आणि जी ओळख पटते ती त्या एका शब्दव्यक्तीची नसून तिच्या जातीची, म्हणजे सारखेपणाची असते. ॲम्प्लिफायर उघडून बसलेला वादक नकळत पहिल्या पक्षाचा असतो, कारण आपला नाद आपल्या मनात आधीच सिद्ध आहे, यंत्रातले काही घटक त्याच्या आड येत आहेत आणि ते बदलले की तो प्रकट होईल, याच श्रद्धेने तो सोल्डरिंग आयर्न हातात घेतो.

या श्रद्धेची कसोटी प्रत्यक्ष जोडणीतच पाहता येते. मार्शल कंपनीचा १९७५ चा ‘२२०३’ हा नमुना, जो १९८१ पासून ‘जेसीएम ८००’ या मालिकेत विकला गेला, फेरफार करणाऱ्यांचा विशेष आवडता आहे. त्यात पहिल्या व्हॉल्व्ह-टप्प्यातून दुसऱ्यात संकेत नेणारा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो, आणि पुढे असलेल्या दहा लाख ओह्मच्या नियंत्रकाशी मिळून तो सुमारे ७ हर्ट्झच्या खालचे तेवढे कंप अडवतो, म्हणजे गिटारचे सगळे खर्ज स्वर जसेच्या तसे पुढे जातात. त्या जागी दहाव्या हिश्श्याचा कपॅसिटर बसवला की ही सीमा ७२ हर्ट्झवर येते आणि गिटारच्या सर्वांत जाड तारेचा ८२ हर्ट्झचा मूळ कंप काहीसा दबतो. खर्ज दबल्यावर पुढच्या टप्प्यात होणारे विरूपण घट्ट आणि स्पष्ट होते, तळहाताने तारा दाबून केलेले जलद आघात एकमेकांत न मिसळता सुटे ऐकू येतात. (इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, ती अशी की या यंत्रात ४५० व्होल्टच्या आसपासचा दाब असतो, आणि वीज तोडल्यावरही मोठे कपॅसिटर तो धरून ठेवू शकतात, म्हणून ते रीतसर रिकामे करून, मीटरने खात्री करूनच आत हात घालायचा असतो.)

घटक बदलताच वादकाचा उजवा हात बदलतो, हे या सगळ्यात तत्त्वदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे आहे. आघात सुटे ऐकू येऊ लागले की तो अधिक जलद आणि अधिक तुटक वाजवू लागतो, त्या वाजवण्यात त्याला आता उच्च कंपांची बोचणी जाणवते, जी आधीच्या गढूळपणात कानाला लागलीच नव्हती. मग गेनच्या नियंत्रकावर बसवलेला, उच्च कंपांना वळसा देऊन पुढे नेणारा छोटा कपॅसिटर काढावासा वाटतो. म्हणजे दुसऱ्या फेरफाराची इच्छा पहिल्या फेरफारातून जन्मते, ती आरंभी मनात कुठेच नव्हती. मनात सिद्ध असलेला नाद हे जर लक्ष्य असेल तर ते प्रत्येक पावलागणिक सरकता कामा नये. पण ते सरकते, आणि शेवटी ज्याला ‘हाच तो’ म्हटले जाते तो नाद पहिल्या दिवशी ऐकवला असता तर वादकाने त्याला कदाचित ओळखलेही नसते. इथे नैयायिकांचा पक्ष बळकट ठरतो.

तरीही ‘तो’ हा शब्द पूर्णपणे निराधार नाही, कारण वादकाच्या कानात काहीतरी आधीपासून असतेच, आणि ते बहुधा दुसऱ्याचे असते. १९७८ मध्ये आलेल्या, व्हॅन हेलन या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमचा नाद मिळवण्यासाठी असंख्य मार्शल ॲम्प्लिफायर उघडले गेले. त्या बँडचा गिटारवादक एडी व्हॅन हेलन याच्या ॲम्प्लिफायरची आतली जोडणी बदललेली होती की नव्हती यावर वर्षानुवर्षे वाद झाले. त्या ॲम्प्लिफायरला दिलेला विद्युतदाब व्हेरिॲक या उपकरणाने उतरवलेला होता, एवढे मात्र सर्वश्रुत आहे. पण ध्वनिमुद्रिकेवर जे ऐकू येते ते निव्वळ ॲम्प्लिफायरचे नसते. त्यात स्पीकर असतो, मायक्रोफोन असतो, स्टुडिओचा प्रतिध्वनी असतो, मुद्रण करणाऱ्याची निवड असते आणि वाजवणाऱ्याची बोटे असतात. या सर्वांच्या संयोगाची स्मृती एका पेटीत शोधली जाते. ज्याला वैयक्तिक नाद म्हटले जाते त्याचा आरंभ असा परक्याच्या स्मृतीत होतो, आणि त्या स्मृतीशी पूर्ण जुळणे अशक्य असल्यामुळेच पुढे काही वेगळे घडण्याला वाव मिळतो.

विरूपणाला गुण मानावे की दोष, हा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. अभियंत्याच्या दृष्टीने मूळ संकेतात नसलेले काहीही बाहेर येणे हा दोष होय, आणि तरी हाच दोष मिळवण्यासाठी गिटारवादक लिंक रे याने १९५८ च्या ‘रंबल’ या रचनेसाठी स्पीकरला भोके पाडली, तर किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी लावतो, तीही तारेच्या स्वच्छ कंपात हेतुपुरस्सर घातलेली अडचणच असते, आणि तिच्यामुळेच उपस्वर फुलतात. हाय-गेन ॲम्प्लिफायरमध्ये मात्र विरूपण नुसते उपस्वर वाढवीत नाही, तर एकत्र वाजणाऱ्या दोन स्वरांच्या कंपांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकवते. २२० हर्ट्झचा षड्ज आणि ३३० हर्ट्झचा पंचम एकत्र वाजवले तर ११० हर्ट्झचा, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज, कोणी न छेडताच उमटतो. गिटारच्या समविभाजित गांधाराने (सुमारे २७७ हर्ट्झ) मात्र ५७ हर्ट्झ मिळतात, जे खर्जातल्या ५५ हर्ट्झच्या षड्जापासून ढळलेले असल्यामुळे कानाला खुपतात. रॉकमध्ये षड्ज-पंचमाच्या जोडीला जे प्राधान्य मिळाले त्यामागे हे गणित मोठ्या प्रमाणात आहे. जो स्वर वादकाने वाजवला नाही आणि जो दोन्ही तारांपैकी एकीतही नव्हता, त्याला आधीपासून असलेला म्हणावे की नवा?

या ठिकाणी सांख्यांचा सत्कार्यवाद, म्हणजे कार्य कारणात अव्यक्त रूपाने आधीच असते हा सिद्धांत, डोके वर काढतो. तिळातून तेल निघते, वाळूतून निघत नाही, हा त्यांचा जुना युक्तिवाद व्हॉल्व्हलाही लागू पडतो, कारण २२० आणि ३३० यांमधून ११० च निघतात, वादकाला आवडतील म्हणून १०० निघत नाहीत. जोडणीची शक्यता ठरलेली आहे, इच्छेला तिच्या बाहेर जाता येत नाही, आणि फेरफार करणाऱ्याने ही मर्यादा प्रामाणिकपणे मानली तर बराच व्यर्थ खटाटोप वाचतो. परंतु शक्यता ठरलेली असणे आणि त्यातली एक विशिष्ट शक्यता ‘माझी’ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. खुद्द सांख्यांनीच ‘मी’ आणि ‘माझे’ म्हणणाऱ्या अहंकाराला पुरुषाच्या, म्हणजे शुद्ध चैतन्याच्या, पदरात न टाकता प्रकृतीच्या विकारांत गणले आहे. ही मांडणी स्वीकारली तर वादकाची आवड यंत्राच्या बाहेर बसून त्याला घडवणारी उरत नाही; कपॅसिटर, स्पीकर, उजवा हात आणि १९७८ ची ध्वनिमुद्रिका यांच्याच पंक्तीला ती बसते, त्यांच्यासारखीच बदलते, आणि ‘हाच तो’ हा उद्गार ती त्या क्षणी जिथे पोहोचली असेल तिथून काढते.