धूळ दिसते तेव्हा

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की धाम नदीकाठी पवनार येतं. विनोबा 1938 मध्ये इथे राहायला आले. पुढे आश्रमाची जमीन खणताना एक जुनं शिल्प हाती लागलं. भरत आणि राम यांच्या भेटीचं. ते अजून तिथेच आहे. आजच्या मननासाठी त्या शिल्पापाशी जाऊन बसू. पवनारला जाणं शक्य नसेल तर घरातला एखादा कोपराही चालेल.

पाठ टेका. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. टेबलावर पालथा घालू नका. पालथा घातलेला मोबाइल दिसला तरी काहींच्या पोटात गोळा येतो, आणि आज आपण बोलणार आहोत ते त्याच गोळ्याबद्दल.

जोडीदाराचं दुसरीकडे काही होतं, हे कळलं त्याला बराच काळ लोटला आहे. रडणं झालं, भांडणं झाली, माहेरी जाऊन येणं झालं. शेवटी संसार पुढे न्यायचा, असं दोघांनी ठरवलं. आता बरं चाललं आहे. मग कापसाच्या दिवसांत तो हिंगणघाटच्या मार्केटात गाडी घेऊन जातो, काट्यावर लवकर नंबर लागत नाही, आठला यायचा माणूस अकराला येतो. "काऊन उशीर झाला?" एवढाच प्रश्न. पण विचारणाऱ्या बाईचे हात गार पडलेले असतात. (बाईचं उदाहरण घेतलं, पुरुषाचे हातही असेच गार पडतात, तो फक्त बोलून दाखवत नाही.)

तो क्षण आठवा. सगळ्यात मोठा घाव नको, गेल्या आठवड्यातली एखादी लहानशी कळ घ्या. ती अंगात कुठे उठली? छातीत, घशात, की पोटात? तिथे लक्ष न्या. श्वास आत घ्या आणि सोडताना घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. लांब सोडलेल्या श्वासानं हृदयाची गती थोडी उतरते. पुन्हा एकदा. घाई नाही.

आता रामायणातला एक प्रसंग मनात आणू. चित्रकूटावर राम, सीता, लक्ष्मण राहत आहेत. दूरवर धूळ उठते, जनावरं सैरावैरा पळतात. लक्ष्मण फुललेल्या सालवृक्षावर चढतो आणि त्याला अयोध्येचं सैन्य दिसतं. तो ओरडतो: अग्नी विझवा, सीतेला गुहेत न्या, धनुष्य घ्या, भरत आपल्याला मारायला आलाय.

लक्ष्मणाला हसू नका. धूळ खरी होती, सैन्य खरं होतं, आणि ज्या घरातून ते आलं त्याच घरानं त्यांना वनात धाडलं होतं. चुकला तो फक्त अर्थ लावताना. मागे झालेला घात त्यानं समोरच्या धुळीत वाचला. मेंदूतला अमिग्डाला हा भाग असंच करतो. विचार पुरता जागा व्हायच्या आत तो अंगाला लढाईला उभं करतो, आणि ही गोष्ट आजची की दोन वर्षांपूर्वीची, हे पाहायला थांबत नाही.

म्हणून कळ उठली की मनाशी एवढंच म्हणा: धूळ दिसते आहे. तो खोटं बोलतोय, असं नाही. माझं डोकं फिरलंय, असंही नाही. फक्त, धूळ दिसते आहे. या वाक्यापाशी थोडा वेळ बसा.

इथे एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. भरत निर्दोष होता. तुमच्या दारात उभा असलेला माणूस तसा नाही. त्यानं खरोखर विश्वास मोडला आहे. त्यामुळे सगळं शांत होणं तुमच्या एकट्याच्या श्वासावर सोपवणं अन्यायाचं होईल. यापुढचं मनन त्यानं करावं.

भरत कसा आला, ते पाहा. सैन्य मागे थांबवून, पायी, वल्कलं नेसून. माझ्यावर संशय घेतलाच कसा, असं तो म्हणाला नाही. तुमचं सैन्य कुठलं? "अजून किती दिवस तेच?", "मी माफी मागितली ना", "तुझंही काही चुकलंच होतं". हे मागे ठेवता येईल का? उशीर होणार असेल तर विचारायच्या आधी फोन करता येईल का? आणि ती विचारेल तेव्हा, दहाव्यांदा विचारेल तेव्हाही, काट्यावर काय झालं ते न चिडता सांगता येईल का?

बोलणं तापलंच तर थांबा. जोडप्यांवर दीर्घकाळ संशोधन केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन अशा वेळी निदान वीस मिनिटांची विश्रांती सुचवतात, कारण भडकलेलं शरीर त्याआधी सहसा निवत नाही. पण परत कधी बोलायचं ते सांगून उठा. काही न सांगता निघून जाणं, हीही धूळच.

कधीकधी मात्र सैन्य खरंच चाल करून आलेलं असतं. खोटं चालूच असेल, मारहाण असेल, तर हे मनन तुमच्यासाठी नाही. महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे. मन फारच बुडत असेल तर टेलिमानसच्या 14416 वर मोफत बोलता येतं, मराठीतही.

बाकीच्यांनी आज रात्री जेवणं आटोपल्यावर एक शब्द ठरवावा, कळ उठली की उच्चारायचा. "धूळ" चालेल, दुसराही चालेल. तो कानावर पडला की दुसऱ्यानं हातातलं काम ठेवून जवळ येऊन बसायचं, आणि पहिला प्रश्न विचारायचा तो कळ उठलेल्या माणसानं.