हरणाऱ्या संघाची उभारणी

ज्या संघाला जय मिळण्याची आशा फारशी उरलेली नाहीं, त्या संघांतील चांगल्या खेळाडूचें कर्तव्य काय? हा प्रश्न एका तरुणानें आमच्यापुढें ठेविला. तो रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांतल्या मंडळीचा सभासद असून कॉलेजांत शिकतो व तेथील फुटबॉलच्या संघांत खेळतो. यंदाच्या पावसाळ्यांत त्याच्या संघानें एकामागून एक पांच सामने गमाविले. आतां कोणी म्हणतात, तिघां-चौघां कच्च्या गड्यांस काढून टाका. कोणी म्हणतात, बाहेरचे तयार खेळाडू नांवापुरते कॉलेजांत दाखल करून घ्या, किंवा एखाद्या बड्या घरच्या मुलास कप्तान करा, म्हणजे पैसा व वजन दोन्ही येतील. आणि खुद्द त्या तरुणाला दुसऱ्या एका संघानें बोलावणें धाडलें आहे. “पाळकसाहेब, ह्यांत पाप कोणतें आणि शहाणपण कोणतें, तें सांगा,” असें तो आम्हांस म्हणाला.

चेंडूच्या खेळाची चर्चा ह्या पत्रांत कशाला, असें कोणी वृद्ध वाचक म्हणतील. परंतु प्रेषित पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतींत धांवणाऱ्यांचें व मुष्टियुद्ध करणाऱ्यांचें उदाहरण घेण्यांत कमीपणा मानिला नाहीं. शिवाय त्या तरुणाचा प्रश्न ऐकतांना आमच्या डोळ्यांपुढें मैदान नव्हतेंच. आठ-दहा घरांच्या मंडळ्या, मुंबईस गेलेलीं मुलें, उपासनेस जमलेलीं सात-आठ माणसें, आणि त्यांच्यापुढें उभा असलेला उपदेशक, हें चित्र उभें राहिलें. हरत्या संघांत आपण पुष्कळजण आहों.

बाहेरचे खेळाडू खोटी नांवें घालून आणण्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. तें असत्य आहे, आणि तेवढ्यावर तो विषय संपतो.

कच्च्या गड्यांचा प्रश्न मात्र इतका सोपा नाहीं. ज्याला धांवतां येत नाहीं त्याला आघाडीवर ठेवणें ही दया नव्हे. त्याचीहि त्यांत फजीती होते आणि इतरांचेंहि नुकसान. पण आघाडीवरून हलविणें निराळें आणि संघाबाहेर घालविणें निराळें. कोकणांत राहणाऱ्यास गडगा म्हणजे काय हें सांगावयास नको. चुना-मातीवांचून नुसत्या दगडांवर दगड रचलेला तो बांध पावसाळ्यांत कोठें ना कोठें ढांसळतो, आणि पाऊस उघडल्यावर शेतकरी तो पुनः घालतो. त्या वेळीं तो जुने दगड फेंकून देत नाहीं, आणि जो दगड जेथें होता तेथेंच तो बसवावा असाहि त्याचा हट्ट नसतो. वरच्या थरांत डळमळणारा गोटा तो पायाशीं घालतो, बारीक चिपा फटींत दडपतो. एखादा दगड हातांत घेऊन चारी बाजूंनीं फिरवून पाहण्यांतच त्याचा बहुतेक वेळ जातो. संघाच्या कप्तानाला किंवा मंडळीच्या वडिलांना एवढा धीर क्वचितच असतो.

आपल्यांतील शास्त्र जाणणारे येथें गिदोनाचें नांव काढतील. देवानेंच बत्तीस हजारांतून तीनशें ठेविले, मग दुबळ्यांस घालविण्यांत वावगें काय? परंतु ती गोष्ट नीट वाचावी. बलवान तेवढे राहावेत व जय सोपा व्हावा ह्यासाठीं ती निवड नव्हती. आम्हीं आपल्या हातानें जय मिळविला असें इस्राएलांनीं म्हणूं नये ह्यासाठीं ती होती. जे भ्यालेले होते त्यांना सन्मानानें घरीं जाऊं दिलें. आणि शत्रूचा पाठलाग करण्याची वेळ आली तेव्हां नफताली, आशेर व मनश्शे ह्या वंशांतील लोकांस, म्हणजे ज्यांतून पहिली भरती झाली होती त्यांसच, पुनः हांक गेली. मार्काची गोष्ट ह्याहून जवळची आहे. पंफुल्यांत तो सोडून गेला, म्हणून पौलानें पुढच्या फेरीस त्याला घेण्याचें नाकारिलें. बर्णबानें त्याला घेतलें, आणि त्यावरून त्या दोघां थोर सेवकांची फारकत झाली. पुढें पौल बंदींत असतां त्यानें ज्याला बोलावून आणावयास सांगितलें व सेवेस उपयोगी म्हटलें, तो हाच मार्क. मधल्या वर्षांत त्याला कोणीतरी आपल्याबरोबर वागविलें होतें, म्हणून हें घडलें.

आतां बड्या माणसाला पुढें करावें, ह्या सल्ल्याकडे वळूं. त्याची परीक्षा फुटबॉलांत नव्हे, पण क्रिकेटच्या इतिहासांत फार पूर्वीं झालेली आहे. आणि तिच्यांतील मुख्य माणसाचें आडनांव आमच्या कोकणांतल्या पालवण गांवावरून पडलेलें आहे.

१९११ सालीं हिंदुस्थानचा पहिला सर्व जातिधर्मांचा क्रिकेट संघ विलायतेस गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग हे त्याचे कप्तान होते. त्यांचें वय तेव्हां एकोणीस. ते चांगले खेळत. पण त्यांना कप्तानपद मिळालें तें गादीमुळें. राज्यारोहणाचे समारंभ व मेजवान्या ह्यांत ते गुंतले आणि थोड्याच सामन्यांत खेळले. संघांतील उत्तम फलंदाज के. एम. मिस्त्री हे त्यांच्या पदरीं असल्यामुळें तेहि बहुतेक सामन्यांस मुकले. संघ हरूं लागला आणि हरतच गेला. त्या सबंध दौऱ्यांत २३ सामने झाले. त्यांपैकीं १५ गमाविले, ६ जिंकले, २ अनिर्णीत राहिले.

ह्या पराभवांच्या ओळींत एक माणूस दररोज चेंडू टाकीत होता. त्यांचें नांव बाळू पालवणकर. ते चांभार जातींतले, वय पस्तिशीच्या घरांत. दौरा संपला तेव्हां त्यांच्या नांवावर ११४ गडी होते. लेस्टरशायरविरुद्ध त्यांनीं दोन्ही डावांत मिळून ११ गडी बाद केले व संघाला काउंटीवर पहिला जय मिळाला. सॉमरसेटविरुद्ध त्यांचे धाकटे बंधु शिवराम हे ११३ धांवा करून नाबाद राहिले आणि एक गडी राखून संघ जिंकला. कप्तान वा उपकप्तान म्हणून ह्या भावांचें नांव कोणाच्या तोंडीं नव्हतें.

बाळू हे त्या जागेपर्यंत कसे पोहोंचले, हेंहि आमच्या वाचकांनीं ऐकावें. पुण्यास पारशी लोकांच्या क्लबांत खेळपट्टी झाडणें व लोळविणें हें त्यांचें काम, पगार महिना तीन रुपये. पुढें युरोपियनांच्या क्लबांत ते सरावासाठीं साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकीत; बॅट मात्र त्यांच्या हातीं कोणी दिली नाहीं. पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांस हरवावयाचें होतें, म्हणून त्यांनीं मोठ्या वादानंतर बाळूंस आपल्या संघांत घेतलें. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूस हात लावीत. मधल्या सुटींत चहा आला म्हणजे इतरांना तो आंत पेल्यांतून, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यांतून, कीं तें भांडें नंतर फोडून टाकावें. चेंडू विटाळत नसे, पेला विटाळे! मुंबईस आल्यावर हें बंधन सैल होत गेलें. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांना १०९ धांवांनीं हरविलें, त्यांतहि बाळूंचा मोठा वांटा होता. तरी कप्तानपद दूरच राहिलें. १९२० सालीं बाळूंना वगळलें व त्यांचे भाऊ विठ्ठल ह्यांना कप्तानपदाच्या बाबतींत डावललें, तेव्हां विठ्ठल व शिवराम ह्यांनीं संघांतून अंग काढून घेतलें. हा राग अन्यायाविरुद्ध होता व तो जाहीर होता. आम्ही त्याला दोष देत नाहीं. पुढें तडजोड झाली व भाऊ परतले. मुंबईची ती चौरंगी स्पर्धा १९२१ सालीं युरोपियनांनीं जिंकली, १९२२ सालीं पारशांनीं. १९२३ सालीं हिंदूंनीं विठ्ठल पालवणकर ह्यांस कप्तान केलें. त्या वर्षीं हिंदु संघ युरोपियनांना हरवून विजयी झाला.

विठ्ठलांना मान दिला म्हणूनच जय मिळाला, असें गणित आम्ही मांडीत नाहीं. चेंडूचा खेळ आहे, हरलेहि असते. पण हरले असते तरी १९२३ चा संघ १९११ च्या संघाहून चांगल्या रीतीनें रचलेला होता, कारण ज्यानें ओझें वाहिलें त्याच्या शब्दाला त्यांत जागा होती. न्याय्य गोष्ट जय देईल म्हणून करावयाची कीं न्याय्य आहे म्हणून, हाच येथें खरा प्रश्न आहे. आणि हरत्या हंगामांत तो जितका उघडा पडतो तितका जिंकत्या हंगामांत पडत नाहीं. जिंकणाऱ्याचे पुष्कळ अन्याय टाळ्यांच्या गजरांत झांकून जातात.

ही हकीकत वाचून “पाहा हिंदूंचें सोंवळें” असें म्हणून आपल्यांपैकीं कोणी समाधान मानूं नये. प्रभुभोजनाचा पेला एकच, असें आपण शिकवितों. मग लग्न जमवितांना अमका कोणत्या जातींतून आला हें हळूच विचारणारे कोण? पहिल्या बांकावर कोणाचें घराणें बसतें, आणि दिवाबत्ती करणारा, सतरंज्या अंथरणारा, पावसांत दोन मैल चालून येऊन दार उघडणारा भाऊ वडिलांच्या सभेंत कधीं निवडून आला आहे काय? नहेम्यानें यरुशलेमेचा कोट बावन्न दिवसांत उभा केला. त्या कामांत सोनार होते, सुगंधी द्रव्यें करणारे होते, एका अधिकाऱ्याच्या मुलीहि होत्या. पुष्कळांनीं तर आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधिला. सगळ्या यादींत एकाच ठिकाणीं ठपका आहे: तकोवा येथील सामान्य लोकांनीं काम केलें, पण त्यांच्यांतील सरदारांनीं कामाला मान लाविली नाहीं. शास्त्रानें त्या सरदारांचीं नांवेंहि दिलेलीं नाहींत.

राहिला त्या तरुणाचा स्वतःचा प्रश्न, म्हणजे सोडून जावें कीं काय. संघ बदलणें हें पाप आहे असें आम्हांस म्हणतां येणार नाहीं. तसा नियम कोठेंच नाहीं, आणि हंगाम संपल्यावर कोणीहि कोठेंहि जावें. परंतु हंगामाच्या मध्यें आपण गेलों तर आपलें ओझें कोणाच्या खांद्यावर पडेल, हें आधीं मोजावें. येथें तें त्याच तिघां-चौघां कच्च्या गड्यांवर पडणार होतें. म्हणून आम्हीं त्याला हंगाम संपेपर्यंत थांबावयास, आणि संध्याकाळचा एक तास त्या गड्यांबरोबर घालवावयास सांगितलें. त्याला हें फारसें रुचलें नाहीं. “तरीहि आम्ही हरणारच,” तो म्हणाला. हरालहि, असें आम्हीं उत्तर दिलें.

“दहा वर्षांत एकहि बाप्तिस्मा नाहीं, माझी बदली करा,” असें म्हणणारे उपदेशक बंधुहि आम्हांस भेटतात. त्यांच्यासाठीं एका सामन्याची हकीकत सांगतों. चौरंगी स्पर्धा पुढें पंचरंगी झाली, आणि हिंदु, मुसलमान, पारशी व युरोपियन ह्यांखेरीज जे उरले, म्हणजे देशी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी वगैरे, त्यांचा एक संघ झाला. त्याचें नांवच ‘उरलेले’ अशा अर्थाचें होतें! धर्मवार संघ करण्याची ती रीत चांगली नव्हती, आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली तें बरेंच झालें. ‘उरलेल्यां’नीं ती कधींहि जिंकली नाहीं. त्यांच्यांत सांगलीचे विजय सॅम्युएल हजारे खेळत. ते आपल्याच मराठी ख्रिस्ती समाजांतले. पुढें १९५२ सालीं मद्रासेस भारतानें आपला पहिला कसोटी जय मिळविला तो त्यांच्याच कप्तानीखालीं.

डिसेंबर १९४३ मध्यें मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर शेवटचा सामना झाला. हिंदूंनीं पांच गड्यांत ५८१ धांवा केल्या. ‘उरलेले’ १३३ धांवांत आटोपले. आतां पराभव टळणें जवळजवळ अशक्य होतें. दुसऱ्या डावांत पांच गडी गेल्यावर विजय हजारे ह्यांना साथ द्यावयास त्यांचे भाऊ विवेक आले. ते मोठे फलंदाज नव्हते. त्यांनीं आपली बाजू धरून ठेविली, आणि ह्या दोघां भावांनीं मिळून ३०० धांवांची भर घातली. विजय ह्यांच्या त्या डावांत ३०९ धांवा झाल्या. सबंध संघाच्या ३८७. ज्या उपदेशकाच्या हजेरीपुस्तकांत दर रविवारीं तींच नऊ नांवें लिहिलीं जातात, त्यानें त्या सामन्याचें धांवपत्रक मिळाल्यास अवश्य पाहावें. ‘उरलेले’ तो सामना एक डाव व ६१ धांवांनीं हरले. तीनशेंच्या त्या भागीदारींत विवेक हजारे ह्यांच्या धांवा होत्या २१.