खोटं वर्णन लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यास

तू ऑनलाइन लिलावात मांडलेल्या चार नाण्यांची वर्णनं मी छापून समोर ठेवली आहेत. चारही खोटी आहेत. अजाण माणसाची चूक मी समजू शकते. तुला तर नाणं कडेने कसं धरायचं इथपासून मी शिकवलं, तेव्हा 'माहीत नव्हतं' हे उत्तर माझ्याकडे चालणार नाही. फोन केला असता तर तू मध्येच 'बाई, पण' करून सुटला असतास. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

पहिलं वर्णन: 'शिवकालीन शिवराई, सन १६७४, आमच्या शेतात नांगरताना सापडलेली, १०० टक्के अस्सल, जगभर पाठवू.'

१६७४ हे साल तुला कुठे दिसलं? महाराजांच्या शिवराईवर पुढे 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति' एवढीच अक्षरं असतात. साल नसतं. तू राज्याभिषेकाचं वर्ष उचललंस आणि तांब्याच्या पैशाला चिकटवलंस. शिवराई महाराजांनी सुरू केली, पण त्यांच्यानंतरच्या छत्रपतींच्या काळात आणि पेशवाईतही ती पडत राहिली. टांकसाळी बदलल्या, वजनं बदलली, अक्षरांचं वळण बिघडत गेलं, नाव मात्र शिवाजी महाराजांचंच राहिलं. इंग्रजांचा अंमल बसल्यावरही बाजारात ती चालत होती. म्हणून तर जुन्या बाजारात आजही ती ढिगाने मिळते. तुझ्या फोटोतली शिवराई दुदांडी आहे, मधल्या दोन दांड्या स्वच्छ दिसतात. ती महाराजांच्या काळातली नव्हे, फार नंतरची. माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरचा १९८९ सालचा ग्रंथ तुझ्या टेबलावर असतो. तो उघडला असतास तरी पुरे होतं. तू उघडला नाहीस, कारण महाराजांचं नाव दिसलं की मराठी माणूस पुढची चौकशी करायचं विसरतो, हे तुला नीट ठाऊक आहे. लोकांच्या श्रद्धेवर तू बोली चढवलीस. याची मला सगळ्यात जास्त चीड आहे.

'शेतात नांगरताना सापडलेली.' तुमचं घर तीन पिढ्या शहरात आहे. पण क्षणभर हे खरं धरू. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. तू कळवलं होतंस का? म्हणजे एक तर तू खोटं लिहिलंस, नाहीतर कायदा मोडून तो जाहीर केलास. तिसरी वाट मला दिसत नाही.

या खोट्याने काय बिघडतं, ते समजून घे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची छाप पुन्हा मारलेली होती. हरलेल्या राजाचं चलन जिंकणाऱ्याने आपलं करून घेतलं, ही गोष्ट त्या चांदीने सांगितली. ती सांगता आली, कारण नाणी एकत्र राहिली, कुठे सापडली ते नोंदलं गेलं आणि अभ्यासकांनी ती एकेक करून तपासली. नाण्याचं सापडण्याचं ठिकाण हा पुरावा असतो. तू ठिकाण रचतोस तेव्हा पुरावा बनावट करतोस. उद्या एखादा विद्यार्थी तुझं वर्णन खरं मानून त्या गावाला शिवकालीन नाणी सापडल्याची नोंद करील. गिऱ्हाइकाचे पैसे परत करता येतात. अशी नोंद एकदा पुस्तकात शिरली की उपटून काढायला पिढ्या जातात.

आणि 'जगभर पाठवू'? शंभर वर्षांहून जुनं नाणं हे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरतं. ते परदेशी पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आणि सरकारने नेमलेल्या संस्थेलाच आहे. खाजगी माणसाने पाठवलं तर किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं कैद आहे. हेही मी वर्गात सांगितलं होतं.

दुसरं वर्णन: 'राणीछाप रुपया १८६२, अनसर्क्युलेटेड, आरशासारखी चमक, अतिदुर्मीळ.'

हा रुपया विकला गेला आहे. ज्यांनी घेतला ते निवृत्त गृहस्थ परवा तो घेऊन माझ्याकडे आले. नातवाला पहिलं नाणं चांगलं द्यावं म्हणून त्यांनी पेन्शनमधून पैसे बाजूला काढले होते. मी वजन केलं. रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम असायला हवं, हे भरलं ११.२. जे नाणं कुणाच्या हातातच खेळलं नाही, त्याची जवळजवळ अर्धा ग्रॅम चांदी कुठे गेली? भिंगाखाली धरलं, तर राणीच्या झग्यावरची नक्षी गुळगुळीत झालेली, आणि सगळ्या पृष्ठभागावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे. पॉलिश लावून घासल्याशिवाय असे ओरखडे उठत नाहीत. टांकसाळीची चमक नाण्याबरोबर फिरते, प्रकाशाखाली ते वळवलं की झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी सरकते. पॉलिशची चमक सगळीकडून सारखीच दिसते. हा फरक तू पहिल्या महिन्यात शिकलास. कडेवर वरच्या बाजूला सोनाराच्या डाखेची खूण आहे. हा रुपया कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेत होता, कडी काढून ती जागा कानशीने सारखी केली आहे. तू फोटो नेमका असा काढलास की ती जागा सावलीत जावी. डोळा चुकला म्हणून हे झालं नाही. तुला ती जागा दिसली होती, म्हणूनच सावली तिथे पडली.

'अतिदुर्मीळ' तर मुळीच नाही. १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंतच्या रुपयांवर तसंच राहिलं आणि या रुपयांची संख्या प्रचंड आहे. मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर ठिपक्यांची जी मांडणी असते, तिच्यावरून खरं वर्ष ओळखता येतं. काही ठिपक्यांचे प्रकार खरोखर कमी मिळतात. अभ्यासाला आणि वर्णनाला हीच खरी जागा होती. ठिपके मोजून लिहिले असतेस, तर जाणकाराने तुझ्याकडून आनंदाने नाणं घेतलं असतं. तू ठिपक्यांचा उल्लेखही केला नाहीस.

तिसरं वर्णन: 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, एक आणा, राम दरबार, चमत्कारी, तांदूळ खेचतो.'

हे नाणंच नाही. कंपनीने राम दरबाराचं नाणं कधी पाडलं नाही. १८३५ च्या कायद्यानंतर कंपनीचे तांब्याचे पाव आणे आणि अर्धे आणे निघाले, त्यांवर कंपनीचं सिंहांचं मानचिन्ह आहे. एक आण्याचं नाणं या देशात आलं ते १९०६ च्या नाणे कायद्यानंतर, तेही क्युप्रो-निकेलचं, नागमोडी कडेचं. तू मांडलेली चकती आजच्या कारखान्यातली आहे आणि तिच्यावरच्या इंग्रजी अक्षरांचा कंपनीशी काही संबंध नाही. देवळांत पूजेसाठी पाडलेल्या जुन्या रामटंका वेगळ्या. त्या श्रद्धेने पाडल्या गेल्या आणि त्यांचा अभ्यासही होतो. त्यांच्या आडोशाने ही चकती चलन म्हणून विकणं म्हणजे उघड फसवणूक.

आणि 'तांदूळ खेचतो'? तांदूळ खेचणाऱ्या धातूच्या नावाने या राज्यात माणसांनी लाखो रुपये घालवले, पोलिसांनी टोळ्या पकडल्या. तांदळात लोखंडाचे कण आणि आत लोहचुंबक, एवढाच तो चमत्कार. माझा विद्यार्थी हे वाक्य टाइप करू शकतो, हे पाहून मला लाज वाटली.

चौथं वर्णन: 'छत्रपती शिवाजी महाराज, दोन रुपये, १९९९, लाखमोलाचं दुर्मीळ नाणं.'

हे अकरा बाजूंचं क्युप्रो-निकेलचं नाणं रोजच्या व्यवहारासाठी निघालं होतं. आपण सगळ्यांनी ते भाजीवाल्याला दिलं आहे. त्यावर महाराज आहेत म्हणून ते जपून ठेवावं, हे मला पटतं. त्याला लाख मागावेत, हे पटत नाही. वैष्णोदेवीच्या २०१२ च्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांना जसे लाखांचे आकडे लावतात, तोच हा प्रकार. मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. ज्या किमतीला बोली पूर्ण होऊन पैसे हातात आले, तो भाव. असल्या आकड्यांमुळे गावागावांतली माणसं गल्ले फोडून बसतात, आणि मग त्यांना फोन येतो, 'तुमचं नाणं लाखाला घेतो, आधी कमिशन आणि कर भरा.' हे इतकं वाढलं की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांत बँक नसते आणि त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही. ते फोन तू करत नाहीस, हे मला माहीत आहे. पण फोन करणाऱ्यांनी दाखवायला लागणारे आकडे तू पुरवतोस.

आता वर्णनात जे लिहिलं नाहीस, त्याचा हिशेब दे. एकाही नाण्याचं वजन नाही. व्यास नाही. कडेचा फोटो नाही, आणि ओतीव नक्कल पकडायची पहिली जागा कडच असते, कारण साच्याची शिवण तिथे दिसते. शिवराईचा मागच्या बाजूचा फोटो दुसऱ्याच नाण्याचा आहे, पुढच्या बाजूची ठेच मागच्या फोटोत नाही. शेवटी बारीक अक्षरांत: 'फोटो पाहून स्वतः ठरवा, परत घेतलं जाणार नाही.' वर '१०० टक्के अस्सल' आणि खाली 'स्वतः ठरवा'. अस्सल असेल तर परत घ्यायला भीती कसली? बोलीही मी पाहिली. तुझ्याच मित्राच्या खात्यावरून ती तीनदा वाढवली गेली. आपल्याच माणसाकडून बोली चढवणं ही लबाडी आहे. तिला दुसरं सभ्य नाव शोधू नकोस.

तू काय म्हणशील ते मला आधीच ऐकू येतंय. 'सगळेच असं लिहितात.' सगळ्यांना मी शिकवलं नाही, तुला शिकवलं. 'घेणाऱ्याने पारखून घ्यावं.' पारखायला नाणं हातात लागतं. ऑनलाइन लिलावात घेणाऱ्याच्या हातात काही नसतं. त्याचे डोळे, त्याचा ताजवा, त्याचं भिंग, सगळं म्हणजे तुझं वर्णन. समोरासमोरच्या दुकानापेक्षा इथे तुझी जबाबदारी वाढते, कमी होत नाही. 'मलाही ते असंच सांगून विकलं होतं.' मग तू फसलास. फसलेल्याला तक्रार करायचा हक्क आहे, पुढच्याला फसवायचा नाही.

कायद्याचा धाक घालायला मला आवडत नाही, पण ऐकून ठेव. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला हात लावतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तू बनावट निघाली किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसली, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. तुझ्या बारीक अक्षरांना तिथे काही किंमत नाही. ते गृहस्थ १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करणार होते. मी त्यांना थांबवलेलं नाही, आणि थांबवणारही नाही.

वर्णन कसं लिहायचं, ते मी पुन्हा एकदा लिहून देते. 'व्हिक्टोरिया क्वीन, रुपया, १८६२ साल गोठवलेला प्रकार. चांदी. वजन ११.२ ग्रॅम. झिजलेला, पॉलिश केलेला. कडेवर वरच्या बाजूला कडी काढल्याची खूण, फोटो सोबत. ठिपक्यांची मांडणी फोटोप्रमाणे. आठ दिवसांत परत घेतला जाईल.' शिवराईसाठी: 'दुदांडी शिवराई, तांबं, उत्तरकालीन. टांकसाळ निश्चित सांगता येत नाही. बाजारात विकत घेतली, सापडल्याचं ठिकाण माहीत नाही.' 'माहीत नाही' लिहायला कमीपणा वाटून घेऊ नकोस. जो विक्रेता एकदा तरी 'माहीत नाही' म्हणतो, त्याच्या 'माहीत आहे'वर लोक विश्वास ठेवतात. आपल्याकडे आंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. शंका असेल तेव्हा तिथे जा, अस्सल नाणी पाहा, डोळा तयार कर आणि मग लिही.

तुझा डोळा चांगला आहे, म्हणून एवढं खरडलं. वर्गातल्या बहुतेकांना जे दिसत नसे, ते तुला दिसायचं. कडीची खूण सावलीत लपवायची तर ती आधी दिसावी लागते. तोच डोळा खरं सांगायला वापर.

आता काय करायचं, ते ऐक. आज रात्री चारही वर्णनं उतरव. राम दरबाराची चकती पुन्हा कुठेही विकायला ठेवायची नाही. उरलेल्या दोन नाण्यांची वर्णनं वजन, व्यास आणि कडेच्या फोटोंसह नव्याने लिही आणि मांडण्याआधी मला दाखव. मित्राला सांग, तुझ्या लिलावात पुन्हा बोली लावायची नाही. आणि राणीछाप घेतलेल्या गृहस्थांना स्वतः फोन कर, वर्णन खोटं होतं हे या शब्दांत कबूल कर आणि टपालखर्चासकट पूर्ण पैसे परत दे. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी घरी आहे. पैसे पोहोचल्याची पावती घेऊन ये. पावती नसेल तर येऊ नकोस, आणि यापुढे कुठल्याही वर्णनाखाली माझा विद्यार्थी म्हणून सही करू नकोस.