फितीतील आवाज

तारुण्यात मित्रांसह मोटारीच्या गॅरेजात गिटार वाजवून गाणारा एखादा बेंगळूरकर साठी उलटल्यावर आपल्या जुन्या कॅसेटी ऐकावयास बसतो. ‘हाच माझा खरा आवाज, तो गेला,’ असे म्हणून कष्टी होतो. परंतु या शोकाचे मूळ तपासले पाहिजे. मनुष्य स्वतःचा आवाज हवेतून ऐकतो तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकतो. ध्वनिमुद्रणात हा दुसरा भाग नसतो. म्हणूनच ती फीत प्रथम ऐकताना, भर विशीत, ‘हा आवाज माझा नव्हे’ असे बहुधा तोच म्हणाला असेल! तेव्हा परका वाटलेला आवाज आज आपला कसा झाला? केवळ गेला म्हणून?

गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या १९३० नंतरच्या दशकातील तबकड्यांवर आवाज उंच व कोवळा आहे. पुढे घशाच्या विकारानंतर तो जड, पुरुषी झाला. सवाई गंधर्वांच्या या शिष्येने त्याच आवाजात ख्याल गाऊन पुढील कित्येक दशके मैफली जिंकल्या. मग खरा आवाज कोणता म्हणावा, तबकडीतला की मैफलीतला?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कौमार, यौवन आणि जरा या एकाच देहीच्या अवस्था म्हटल्या आहेत. त्यांतील एकीलाच मूळ घर ठरविण्याचा अधिकार आपण कोठून आणतो?

आणि ती फीत तरी अजर कोठे आहे? तिच्यावरील लोहकणांचा थर झिजतो, सूर डळमळतो. ऐकणारा मात्र तो डळमळीत सूरही ओळखतो, आणि त्याची बोटे नकळत ताल धरतात.