हरणाऱ्या संघाने काय मागावं?

फेब्रुवारी १९८८ मधली ६६४ धावांची अभेद्य भागीदारी मराठी माणसाला तोंडपाठ आहे. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, शाळा शारदाश्रम. आझाद मैदानावर त्यांच्यामागे पळत राहिलेली मुलं कोणत्या शाळेची होती, हे सांगताना मात्र बरेचजण अडखळतात. ती सेंट झेवियर्सची होती, म्हणजे जेझुइट पाद्र्यांच्या शाळेची, जिथे सुनील गावसकर शिकले. हॅरिस शील्डच्या त्या उपांत्य सामन्यात समोर ७४८ धावांचा डोंगर उभा राहिला. मला त्यात धर्माचा एक प्रश्न दिसतो. देवाच्या नावाने चालणाऱ्या शाळेचा संघ मैदानात उतरतो, तेव्हा त्याने देवाकडे काय मागावं?

हा प्रश्न फक्त मुंबईचा नाही. आमच्या बुलढाण्याकडे तर ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द इतका सैल झाला आहे की जिथे सिस्टर नाही, चॅपेल नाही, अशी गल्लीतली इंग्रजी शाळाही कॉन्व्हेंटच. पण खऱ्या कॅथलिक शाळेतही, या भागात ख्रिस्ती घरं मोजकीच असल्यामुळे, खो-खोच्या संघात हिंदू, बौद्ध, मुसलमान मुलं असणारच. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक उपासनेला बसवता येत नाही, असं राज्यघटनेचं २८वं कलम सांगतं. तेव्हा सामन्याआधी जोडलेले हात एका श्रद्धेचे नसतात, आणि पलीकडच्या संघाचेही हात जोडलेले असतातच. देव एक मानला, तर त्याने कुणाचं ऐकायचं? म्हणून मला कसोटी अशी वाटते, की जी प्रार्थना दोन्ही संघ एकाच वेळी करू शकतात आणि जी दोघांचीही पुरी होऊ शकते, तीच मागण्याजोगी. कुणाला इजा होऊ नये, बॅटला लागलं नाही हे ठाऊक असताना अपील करण्याचा मोह होऊ नये, हरलो तर पंचांवर ढकलू नये. विजय या कसोटीत बसत नाही.

यावर कुणी पौलाचा दाखला देईल. करिंथकरांना लिहिताना त्याने बक्षीस मिळवण्यासाठीच धावा असं सांगितलं आहे, आणि करिंथजवळच इस्थमियन स्पर्धा भरत, हे त्याच्या वाचकांना ठाऊक होतं. पण तिथल्या विजेत्याला पानांचा मुकुट मिळे, आणि तो सुकणारा आहे हेच पौलाला दाखवायचं आहे. धावपटूकडून तो संयम घेतो, दुसऱ्याला मागे टाकणं घेत नाही. त्याच्या शर्यतीत एक पोचला म्हणून दुसऱ्याची वाट बंद होत नाही. दुसरा आक्षेप अधिक घरचा आणि मला अधिक जड वाटतो. मग स्पर्धा हवीच कशाला? शेगावची पालखी पंढरीला जाते. वारीतल्या रिंगणात माणसं जीव तोडून धावतात आणि पहिला नंबर कुणाचाच येत नाही. तुकोबांनी चेंडूफळीवरसुद्धा अभंग रचले. हे खरं आहे, आणि थॉमस अक्वायनसही खेळाला सद्गुणांत जागा देतो, अजिबात न खेळणाऱ्याला दोष देतो. तरी रिंगणात हरता येत नाही. प्रतिस्पर्ध्याने मनापासून जिंकायला यावं, याशिवाय आपली ताकद आपल्याला कळत नाही. त्याचं हे ऋण मान्य करणं शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या आज्ञेपासून फार लांब नाही. जिंकायची इच्छा असावीच, नाहीतर तो समोरच्याचा अपमान ठरेल. फक्त ती पायांकडून मागावी, देवाकडून नव्हे.

झेवियर्सच्या त्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होते. २००१ मध्ये ते भारताकडून कसोटी खेळले. हे उदाहरण सांत्वनासाठी वापरायचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. संघात आणखी दहा जण होते, त्यांची नावं कुणी विचारत नाही, आणि सामन्याआधीची प्रार्थना त्यांनाही पुरायला हवी.